अज्ञातवासी आणि त्याचा राजा

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घराचा पोटमाळा आवरण्याचे काम माझ्याकडे आले. आमचे गाव पाथर्डी तालुक्यात. जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधायचे ठरले होते, आणि माळ्यावर तीन पिढ्यांची अडगळ साठली होती. त्यात पितळेचे दोन दिवे होते, चेपलेला तांब्या होता, गळका बंब होता, झाकण नसलेली चुन्याची डबी होती आणि एक अडकित्ता होता. गावात मोड घेणारा आला तेव्हा मी ते सारे पोत्यात भरून त्याच्या तराजूवर ठेवले. साडेसात किलो भरले. आलेल्या पैशांतले थोडे मला मिळाले, त्यांची मी सँडल घेतली.

आजी ओसरीवर बसून पाहत होती. अडकित्ताही गेला का, एवढेच तिने संध्याकाळी विचारले. मी हो म्हटले. ती काही बोलली नाही, आणि मलाही त्यात बोलण्यासारखे काही वाटले नाही. आजी सुपारी खात नाही. दात नसलेल्या माणसाला अडकित्ता कशाला हवा, असा माझा सरळ हिशेब होता.

हा हिशेब चुकला होता हे मला जानेवारीत कळले. आमच्या विभागाची अभ्याससहल पुण्याला गेली होती. शनिवारवाडा पाहून झाल्यावर आम्ही बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. खरे सांगायचे तर सगळे दमले होते, आणि संग्रहालय म्हणजे ढाल-तलवारी अशी आमची समजूत होती. पाटीवरचे नाव वाचून मला वाटले, हे कोणी संस्थानिक राजे असावेत. राजा रविवर्मा तसे राजा केळकर! मी ते बोलूनही दाखवले. आमच्या सरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की राजा हे कोणाचे बिरुद नाही. ते एका मुलाचे नाव आहे. वडिलांचे नाव दिनकर, आडनाव केळकर. हा मुलगा सात वर्षांचा असताना वारला.

त्यानंतर मी ते संग्रहालय निराळ्या डोळ्यांनी पाहिले, आणि परत आल्यावर ते उभारणाऱ्या माणसाविषयी मिळेल ते वाचले. त्याची ओळख आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना करून द्यावी म्हणून हा लेख.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुढे सगळे त्यांना काका केळकर म्हणत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा होता. पुण्यात त्यांचे चष्म्याचे दुकान होते आणि त्यावर त्यांचा प्रपंच चाले. पण मनाने ते कवी होते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. तो काळ पुण्यात कवितेच्या भरतीचा होता. १९२३ साली तिथे रविकिरण मंडळ स्थापन झाले, कविता गाऊन दाखवण्याची लाट आली, आणि केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज यांच्या कवितेवर वाढलेली पिढी लिहिती झाली होती. अज्ञातवासींच्या कवितेला इतिहासाची ओढ होती. जुने वाडे, गेलेले पराक्रम, विझलेले वैभव हे त्यांच्या मनाचे विषय होते.

आज कवी म्हणून त्यांचे नाव क्वचितच निघते. आमच्या मराठीच्या अभ्यासक्रमात ते नाहीत. परंतु जी ओढ कवितेत होती तीच १९२० च्या सुमारास वस्तूंकडे वळली आणि मग जवळजवळ सत्तर वर्षे थांबली नाही. म्हणून मला वाटते, केळकरांनी कविता सोडून संग्रह केला असे म्हणण्यापेक्षा त्यांनी शब्दांऐवजी वस्तू वापरल्या, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. कवी तरी काय करतो? सर्वांच्या तोंडचे, वापरून झिजलेले शब्द तो निवडतो आणि अशा जागी ठेवतो की ते नव्याने ऐकू यावेत. केळकरांनी हेच दिव्यांचे, कुलुपांचे आणि अडकित्त्यांचे केले.

आता त्यांनी काय निवडले ते पाहा. त्या काळी जुन्या वस्तूंचा शौक असणारे लोक नव्हते असे नाही. नाणी, शस्त्रे, मूर्ती, लघुचित्रे यांना तेव्हाही किंमत होती. केळकरांच्या संग्रहातही शस्त्रे आहेत, मूर्ती आहेत, चित्रे आहेत. पण संग्रहालयात फिरताना मनात भरतात त्या घरातल्या वस्तू. समया, लामणदिवे, पंचारत्या. कुंकवाचे करंडे, फणेरपेट्या, पानदाने, चुनाळी. दौती आणि लेखण्या. सोंगट्यांचे पट आणि गंजिफांचे पत्ते. वाद्यांचे तर वेगळे दालनच आहे. पायाची टाच घासायची वज्री आम्ही कोणीच पूर्वी पाहिली नव्हती. ती मोराच्या, हत्तीच्या, घोड्याच्या आकाराची केलेली असते आणि तिच्या बुडाला खरबरीत खाचा असतात. न्हाणीघरात टाच घासण्यासाठी एवढी कारागिरी कोणी कशाला करावी? दगडानेही टाच घासता येते. पण कुणा तांबटाला ती साधी ठेववली नाही, आणि ती विकत घेणाऱ्या बाईलाही साधी नको होती. न्हाणीघरातल्या कोनाड्यात का होईना, आपल्या हाताशी एक मोर असावा असे तिला वाटले. या वाटण्याचा इतिहास कोणत्याही बखरीत नाही. केळकरांनी तो गोळा केला.

यात एक गोष्ट मला विशेष वाटते. या वस्तू करणाऱ्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. तलवारीवर कधी धन्याचे नाव कोरलेले असते, मंदिरात शिलालेख असतो. समईवर तांबटाचे नाव नसते. कोरीव दारावर सुताराचे नाव नसते, आणि त्या दिव्यात रोज तेल घालणारीचे तर नसतेच नसते. हे सारे अज्ञातवासीच. ज्या कवीने स्वतःचे नाव झाकून हे टोपणनाव घेतले, त्याने आयुष्यभर बिननावाच्या माणसांचे काम जमा करावे, यात मला योगायोग दिसत नाही.

ही निवड केळकरांनी ज्या काळात केली तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. घराघरांत विजेचे दिवे येत होते आणि समई देवघरापुरती उरत होती. पुढे स्टेनलेस स्टील आले आणि तांब्या-पितळेची भांडी घासणे व त्यांना कल्हई लावणे नकोसे झाले. सरदार-इनामदारांच्या घरांची मिळकत आटली, वाड्यांच्या वाटण्या झाल्या. १९६१ साली पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कितीतरी जुनी घरे एका दिवसात कोसळली. अशा प्रत्येक वळणावर घरातल्या वस्तू एक तर वाहून गेल्या, नाही तर मोडीत निघाल्या. भट्टीत गेलेला दिवा पुन्हा दिवा होत नाही. केळकरांची सारी धावपळ या भट्टीच्या आधी पोहोचण्यासाठी होती.

ते धावलेही फार. महाराष्ट्रात तर ते हिंडलेच, शिवाय गुजरात, राजस्थान, कर्नाटक, केरळ असे करीत जवळजवळ सारा देश त्यांनी पालथा घातला. बाजारात, जुन्या वाड्यांत, खेड्यातल्या घरांत जाऊन त्यांनी एकेक वस्तू मिळवली. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेला महाल मोडकळीस आला होता. त्याचे उरलेले खांब, कमानी आणि नक्षीकाम त्यांनी हलवून आणले आणि संग्रहालयात पुन्हा उभे केले. आज तिथे मस्तानी महाल म्हणून जे दालन दाखवतात ते हेच.

हे सारे एका चष्म्याच्या दुकानाच्या बळावर झाले, हे विसरून चालणार नाही. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय पाहून आलेल्या आमच्या वर्गमित्राने सहलीत त्याचे फार वर्णन केले. तेही मुख्यतः एका माणसाच्या हौसेतून झाले आहे. परंतु तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान हे निजामाचे दिवाण होते आणि त्यांच्यामागे मोठी जहागीर होती. युरोपातले संगमरवरी पुतळे आणि घड्याळे त्यांना विकत घेता येत होती. केळकरांच्या मागे जहागीर नव्हती. त्यांच्या मागे कमलाबाई होत्या. नवऱ्याच्या या नादात त्या मनापासून सामील झाल्या, आणि वस्तू घेण्यासाठी वेळप्रसंगी अंगावरचे दागिने मोडले, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. आपल्याकडे बाई दागिना मोडते ती मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी. जुना लामणदिवा घेण्यासाठी दागिना मोडणाऱ्या बाईला शेजारणींनी काय म्हटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. म्हणून या संग्रहाचा विचार करताना मला दोघांचे हात दिसतात. घरातल्या आणि बायकांच्या वस्तूंना त्यात एवढी जागा मिळाली, त्याचे एक कारण मला इथेही दिसते.

आणि मग राजा. मूल गेल्यावर आईबापांनी काय करावे याचे काही शास्त्र नाही. कोणी देवाला लागतात, कोणी गाव सोडतात, कोणी त्या मुलाचे नाव घरात उच्चारू देत नाहीत. केळकरांनी मुलाचे नाव दारावर लावले. आपल्या रीतीप्रमाणे आधी मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर लिहितात तसे ते पूर्ण नाव आहे. हा राजा मोठा झाला असता तर चष्म्याच्या दुकानात बसला असता की आणखी काही झाला असता, कोण जाणे. तो सात वर्षांचाच राहिला. पण त्याच्या नावाचे घर मात्र वाढत गेले. १९६० च्या सुमारास त्यात पंधरा हजारांच्या आसपास वस्तू होत्या, पुढे हा आकडा वीस हजारांच्या वर गेला. आज इमारतीचे मजले भरूनही त्यातल्या थोड्याच वस्तू एका वेळी मांडता येतात. बाप मुलासाठी घर बांधतो, त्यात चीजवस्तू आणतो, हे जगरहाटीप्रमाणेच झाले. त्या घरात राहायला मुलगा तेवढा नव्हता.

आता एक शंका मांडते. ती सहलीहून परतताना बसमध्ये आमच्यात निघाली आणि तिच्यावर बराच वाद झाला. संग्रह करणारा वस्तू वाचवतो हे खरे, पण तो ती कोणाच्या तरी घरातून नेतो. ज्या घराला गरज आहे तेच घर वस्तू विकते. आपल्या जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी धान्यासाठी भांडी विकली. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आपले नगर एके काळी नावाजलेले, आणि त्याच भांड्यांवर त्या वर्षी लोकांनी ज्वारी आणली. मग काचेच्या कपाटातली देखणी घागर पाहताना, ती कोणाच्या चुलीपाशी उणी झाली, हा प्रश्न पडायला नको का? शिवाय कपाटातल्या समईत तेल नाही, दौतीत शाई नाही. वापर गेला की वस्तूचा जीव गेला, असे आमच्यातील एकाचे म्हणणे होते.

माझे म्हणणे असे, की ही शंका खरी आहे आणि तिला पुरे उत्तर नाही. पण केळकरांनी जे केले त्यात अर्धे उत्तर आहे. त्यांनी वस्तू स्वतःच्या दिवाणखान्यासाठी साठवल्या नाहीत आणि विकून पैसाही केला नाही. आयुष्यभराचा हा सारा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. म्हणजे तो सर्वांचा झाला. कोणाच्या तरी चुलीपासून उठलेली घागर आज त्या चुलीच्या नातवंडांना पाहता येते. मोड घेणाऱ्याच्या तराजूवरून ती गेली असती तर तिचे फक्त वजन उरले असते. संग्राहक आणि मोडवाला दोघेही घरोघर फिरतात, दोघेही पैसे मोजतात. एक ती वस्तू काय आहे हे पाहतो, दुसरा ती किती आहे हे पाहतो. फरक एवढाच, पण हाच फरक मला कलेचा वाटतो.

केळकरांना कीर्तीही मिळाली. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. देशोदेशीचे अभ्यासक त्यांच्याकडे येऊ लागले. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांचे संग्रहालय चालू आहे.

असे काम करायला पुणेच लागते असेही नाही. आपल्या शहरात, जे आता अहिल्यानगर झाले आहे, जिल्ह्याचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. तेही अशाच हौशी आणि जाणत्या माणसांच्या धडपडीतून उभे राहिले. त्यात जुनी कागदपत्रे आहेत, शस्त्रे आहेत, गणेशमूर्ती आहेत. तीन वर्षे मी एस.टी.ने शहरात येत होते, पण सहलीहून परत येईपर्यंत तिथे कधी गेले नव्हते. आमच्या वर्गातले बहुतेक जण गेलेले नाहीत. हे लाजेने लिहिते.

पुण्याच्या संग्रहालयात अडकित्त्यांचे कपाट आहे. मोराचे, घोड्याचे, बाहुलीसारख्या बाईचे अडकित्ते त्यात ओळीने मांडले आहेत. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. बाकीचे पुढे निघून गेले होते. आमचा अडकित्ता यांच्यापुढे अगदी साधा होता, असे मी मनाशी म्हणत होते. आणि मग माझ्या ध्यानात आले, की तो कसा होता हे मला आठवतच नाही. पोत्यात टाकताना मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते.

घरी गेल्यावर मी आजीला विचारले. आधी ती नको म्हणाली, गेलेल्या वस्तूचे काय बोलायचे म्हणाली. रात्री जेवणे झाल्यावर तिने आपण होऊन सांगितले. अडकित्ता तिच्या आईचा होता. आजीचे माहेर पारनेर तालुक्यातले. लग्नानंतर सासरी निघताना आईने तो तिच्या ओटीत घातला. वरच्या दांड्याला पोपटाची चोच होती, डोळ्याच्या जागी बारीक खळगा होता. खिळा एकदा निसटला तेव्हा आजोबांनी तांब्याची तार ठोकून तो बसवला होता, म्हणून पितळेत तेवढा एक लाल ठिपका दिसे. बहात्तरच्या दुष्काळात तिने हंडा विकला, परात विकली, दोन घागरी विकल्या. अडकित्ता मागे ठेवला, कारण त्याचे फारसे काही आले नसते आणि माहेरचे तेवढेच उरले होते. जो दुष्काळात राहिला तो मी सँडलसाठी दिला.

आजी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. मी मोड घेणाऱ्याचा शोध घेतला. तो सापडला, पण माल केव्हाच पुढे गेला होता.

मग मी एक वही केली. दोनशे पानी आहे. घरात आता ज्या जुन्या वस्तू उरल्या आहेत त्या एकेक करून आजीसमोर ठेवते आणि ती सांगते ते लिहून घेते. वस्तूचे नाव, ती कुठून आली, कोणी आणली, कशाला वापरायची, आता का वापरत नाही. जात्याची दोन पाने झाली आहेत. पाट्यावरवंट्याचे एक पान झाले आहे. देव्हाऱ्यातल्या निरांजनाचे अर्धेच पान झाले आहे, कारण ते सांगताना आजीला तिच्या सासूची आठवण झाली आणि बोलणे दुसरीकडेच गेले. तेही मी लिहिले आहे. केळकरांसारखे मला जमणार नाही, तेवढी पायपीट आणि तेवढे मनही माझ्यात नाही. पण वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी येत्या काही वर्षांत जुने घर पाडून नवे होईल आणि माळा आवरण्याचे काम तुमच्याचकडे येईल. तराजू येण्याच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ओसरीवरून आत बोलवा आणि पोते भरण्यापूर्वी एकेक वस्तू त्याच्या हातात द्या, एवढेच माझे सांगणे आहे.

माझ्या वहीचे पहिले पान मात्र घरात नसलेल्या वस्तूचे आहे. त्यावर आजीने सांगितले तसे अडकित्त्याचे चित्र काढले आहे. चित्रकला मला येत नाही. आजीने ते दोन-तीनदा डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि चोच चुकली आहे, ती जास्त वाकडी होती, असे सांगितले. मी खोडून पुन्हा काढली.